वातानाबे आधी ऐकावेत की आबे?

जपानी जॅझमधला सॅक्सोफोन ऐकायला सुरुवात करणाऱ्यापुढे हटकून दोन नावं येतात: सादाओ वातानाबे आणि काओरू आबे. दोघांचंही मुख्य वाद्य अल्टो सॅक्सोफोन. साम्य इथेच संपतं.

वातानाबे १९३३ सालचे, उत्सुनोमियाचे. १९५३ मध्ये पियानोवादक तोशिको अकियोशी यांच्या चौकडीत शिरले आणि अकियोशीबाई अमेरिकेला गेल्यावर चौकडी त्यांनीच सांभाळली. १९६२ मध्ये तेही बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकायला गेले. गेले ते बीबॉपवाले, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ वाजवणारे म्हणून. १९६५ मध्ये परतले ते अमेरिकी वादक-संगीतकार गॅरी मॅकफार्लंडच्या संगतीत लागलेली बोसा नोव्हाची, म्हणजे ब्राझीलच्या मृदू, लयदार संगीताची गोडी घेऊन. पुढे आफ्रिकेतले ताल आले आणि १९७८ मध्ये डेव्ह ग्रुसिन, ली रिटनॉर या अमेरिकी वादकांबरोबरचा ‘कॅलिफोर्निया शॉवर’ हा अल्बम. तो जपानात तुफान खपला, म्हणून जाणकार अजून त्यावर नाक मुरडतात. मला तो आवडतो. पण पहिल्यांदा ऐकायला नको; त्यातल्या झुळझुळीत साथीमागे वातानाबेंचा सूर किती घोटलेला आहे, हे पटकन कळत नाही.

आबे १९४९ चा, कावासाकीचा, स्वतःच शिकलेला. १९७० मध्ये गिटारवादक मासायुकी ताकायानागीबरोबर त्याने जे वाजवलं त्याला जुगलबंदीपेक्षा झटापट म्हणणं बरं. एरवी तो बहुधा एकटाच वाजवी. ख्याल ऐकणाऱ्याला एकट्याचा लांबलचक विस्तार नवा नाही, पण तिथे निदान तानपुरा असतो. आबेकडे टेकायला षड्जही नाही. किंचाळी, मग शांतता, आणि ती शांतताही ताणलेली. सप्टेंबर १९७८ मध्ये, ‘कॅलिफोर्निया शॉवर’च्याच वर्षी, गोळ्यांच्या अतिसेवनाने तो गेला. वय २९. त्याच्या वादनापेक्षा आयुष्यच जास्त चघळलं गेलं. १९९५ मध्ये सिनेमाही निघाला. त्या दंतकथेपायी त्याच्याकडे वळू नका.

माझा कौल वातानाबेंना, आणि तोही साठच्या दशकातल्या ‘जॅझ अँड बोसा’ या अल्बमला. गाणं सुटत नाही, तरी सॅक्सोफोन पुढे राहतो. गोड वाजवणं सोपं असतं असं वाटणाऱ्यांनी तर तो ऐकावाच.

संगीतात आधीच मोडतोड आवडत असेल तर थेट आबे. १९७१ मधलं त्याचं ‘ग्लूमी संडे’ घ्या. मूळ हंगेरियन गाण्याची चाल ओळखीची असली, तर तो ती कुठे सोडतो ते ऐकू येतं. आवाज बेताचा ठेवा, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.