दादरचा फूलबाजार, घरच्या फुलदाणीच्या हिशेबाने

देवाच्या फुलांची पुडी रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवलेली असते आणि तिचे पैसे दूध-वर्तमानपत्राबरोबर चुकते होतात. फुलदाणीतली फुले मात्र निव्वळ हौस असल्यामुळे त्यांच्यासाठी मी महिन्याला ८०० रुपये, म्हणजे दर शनिवारी २०० रुपये, एवढीच रक्कम बाजूला काढते. या रकमेत मुलुंडच्या घरातली एक फुलदाणी महिनाभर रिकामी राहू नये, या एकाच अपेक्षेने मी गेले वर्षभर दादरच्या फूलबाजारात जात आहे आणि त्याच अपेक्षेने हे परीक्षण लिहीत आहे.

दादर स्थानकातून पश्चिमेला उतरले की कवी केशवसुत उड्डाणपुलाच्या परिसरात आणि सेनापती बापट मार्गावरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत पहाटेपासूनच खरेदी-विक्री सुरू असते. तळेगाव-मावळ पट्ट्यातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब आणि जरबेरा, वसईकडचा चाफा आणि मोगरा, शिवाय झेंडू-शेवंतीचे ढीग, असा सगळा माल येथे एकाच फेरीत पाहता येतो. हार-तोरणांच्या विक्रेत्यांची घाऊक खरेदी एकीकडे चालू असते आणि आपण मध्येच एक गड्डी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त गड्डी फोडून देत नाहीत. सकाळी साडेसहाला पोचल्यास माल ताजा असतो आणि विक्रेत्यांना बोलायला उसंतही असते. आठनंतर भाव थोडा उतरतो हे खरे, पण तोवर उन्हात राहिलेली फुले घरी एक दिवस कमी टिकतात, त्यामुळे ती बचत मला फसवी वाटते.

भाव विचारताना गड्डीची किंमत पाहायची नाही, ती किती दिवसांना पुरते ते पाहायचे, हे मला वहीत नोंदी ठेवू लागल्यावर उमगले. डच गुलाबांची २० फुलांची गड्डी मला १६० रुपयांना मिळाली आणि चार दिवसांत मान टाकून बसली, म्हणजे दिवसाला ४० रुपये पडले. डिसेंबरमध्ये घेतलेली बारीक शेवंतीची ८० रुपयांची जुडी ११ दिवस टिकली, म्हणजे दिवसाला जेमतेम सात रुपये. काडीचा निशिगंध या दोहोंच्या मधला; खालच्या दोन-तीन कळ्या उमललेल्या आणि वरच्या घट्ट मिटलेल्या असतील अशा काड्या घ्याव्यात, आणि सुकलेली फुले खुडत राहिल्यास आठवडा सहज निघतो. डबल पाकळीचा निशिगंध फुलदाणीत उठून दिसतो, पण वासासाठी मी एकेरीच घेते, मग तो हाराच्या कामाचा म्हणून विक्रेता हसला तरी चालेल.

गुलाब घेताना कळी देठाजवळ दोन बोटांनी हलकेच दाबून पाहावी. ती टणक लागली पाहिजे; मऊ लागली आणि तिच्या बुडाशी पाकळ्या तोडल्याच्या बारीक खुणांचे कडे दिसले, तर बाहेरच्या शिळ्या पाकळ्या सोलून जुना माल नवा केलेला आहे असे समजावे. एकदा मी ते कडे दाखवले तेव्हा विक्रेत्याने जराही न ओशाळता, “ताई, तुम्ही त्या बाजूची गड्डी घ्या,” म्हणत स्वतःच दुसरी काढून दिली. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो, म्हणून त्याला फुलदाणीत दोन-तीन इंचच पाणी घालावे. भरपूर पाण्यात तो कुजतो. हे मला येथल्याच एका मावशींनी सांगितले, आणि तेव्हापासून माझा जरबेरा तीन दिवसांवरून सात दिवसांवर गेला.

तुलनेसाठी एकदा घरपोच सेवाही वापरून पाहिली. खोका देखणा होता, पण दहा गुलाबांना ३५० रुपये मोजल्यावर दुसऱ्याच दिवशी सहा फुलांच्या माना लवल्या. देठात हवा अडकली की पाणी वर चढत नाही. देठ पाण्याखाली तिरके कापून, फुले वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून तासभर कोमट पाण्यात उभी ठेवल्यावर त्यांतली चार सावरली. तक्रारीला उत्तर म्हणून पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली गेली, ती मी घेतली नाही.

गणपती, दसरा, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नसराई या काळात २०० रुपयांत काहीच मनासारखे मिळत नाही. अशा आठवड्यांत मी कामिनीच्या हिरव्या फांद्या आणि दोनच ग्लॅडिओलस आणते आणि उरलेले पैसे पितृपक्षासाठी राखते, कारण तेव्हा मागणी घटते आणि तीच रक्कम दुप्पट वाटते. घरी फुलदाणी पंख्याखाली आणि केळ्या-आंब्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर सुकतात.

बाजाराची मोठी अडचण म्हणजे अख्खी गड्डी घ्यावी लागणे आणि ती गर्दीच्या लोकलमधून सांभाळून आणणे. ओल्या लादीवरून चालताना चपलाही जपाव्या लागतात. गड्डीवर तोडगा निघाला आहे: शेजारच्या काकू निम्मे पैसे देतात आणि दहा गुलाब त्यांच्याकडे जातात. रंग कोणता आणायचा यावर मात्र दर शुक्रवारी रात्री जिन्यात वाद होतो; त्यांना पिवळा हवा असतो, आणि तो संपलेला असला तर मी मुद्दाम आणला नाही असे त्यांना वाटते.