बाप्टिस्ट खरे, पण कुठले? उपदेशाला बाई चालते की नाही, हे बघून मंडळी निवडताना

अमेरिकेत डॅलस किंवा अटलांटाकडे राहायला गेलेलं मराठी ख्रिस्ती कुटुंब चर्च शोधू लागलं की पहिला घोळ पाट्यांचा होतो. एकाच गावात तीन-तीन बाप्टिस्ट चर्च. तिन्हीकडे बुडवून बाप्तिस्मा, तिन्हीकडे बायबलवर तेवढीच निष्ठा. पण एकीकडे रविवारी सकाळी उपदेशाला बाई उभी असते, तर दुसरीकडे ती पाळक होऊच शकत नाही. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) वाढलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं, कारण तिथे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. आणि 1970 साली सीएनआय झाली तेव्हा तिच्यात सामील झालेल्यांत बाप्टिस्टही होते!

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बाप्टिस्टांत प्रत्येक मंडळी आपली मुखत्यार असते. पाळक कोण, हे सभासद मत देऊन ठरवतात, वर बिशप नसतो. त्यामुळे कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडळ्यांच्या संघाला, कुणाच्या पाळकाला काढता येत नाही. 'तुम्ही आता आमच्यातले नाही' एवढंच ते सांगू शकतं.

सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन नेमकं तेच करतं. सुमारे 47 हजार मंडळ्यांचा हा पसारा. रविवारची शाळा, तरुणांचं काम, मिशनचा पैसा यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्या सहा सेमिनऱ्यांना (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या संस्थांना) मंडळ्यांच्या सामायिक निधीतून मदत मिळते, म्हणून त्यांच्याच सभासदांना फी कमी पडते. बायका तिथे शिकतात, मिशनरी होतात, बायकांचे बायबल अभ्यास चालवतात. पण 2000 सालच्या श्रद्धापत्रकात पाळकाचं पद पुरुषांपुरतं राखलं आहे. आधार 1 तीमथ्य 2:12 चा, स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणणाऱ्या वचनाचा. गंमत अशी, की दर नाताळला त्यांचे लोक परदेशी मिशनसाठी जी मोठी वर्गणी काढतात, ती लॉटी मून या बाईच्या नावाने. जवळपास 40 वर्षं तिने चीनमध्ये सुवार्तेचं काम केलं.

केंटकीतल्या फर्न क्रीक मंडळीचं उदाहरण बोलकं आहे. लिंडा बार्न्स पॉपहॅम तिथे तीस वर्षं पाळक होत्या आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं. 2023 मध्ये याच कारणावरून कन्व्हेन्शनने मंडळीला बाहेर काढलं. न्यू ऑर्लीन्सच्या अधिवेशनात त्यांनी स्वतः उभं राहून अपील मांडलं, पण सुमारे 92 टक्के मतं विरोधात गेली. त्याच अधिवेशनात कॅलिफोर्नियातलं अवाढव्य सॅडलबॅक चर्चही बाई पाळक असल्यावरूनच कायमचं बाहेर झालं. पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या फर्स्ट बाप्टिस्टचा नंबर लागला. तिथे मुख्य पाळक पुरुषच होता, पण मुलांचं आणि महिलांचं काम बघणाऱ्या बाईंना 'पाळक' म्हणत होते, आणि उद्या मुख्य पाळक म्हणूनही बाई चालेल असं मंडळीने उघड सांगितलं होतं.

ही बंदी थेट घटनेत घालण्याची दुरुस्ती मात्र 2024 मध्ये पडली आणि तशीच दुसरी 2025 मध्येही. दोन तृतीयांश मतं लागतात, बाजूने मिळाली 61 टक्क्यांच्या आसपास. यावरून 'आता वारं फिरतंय' असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. जिथे साठ टक्के लोक आणखी कडक नियम मागतात आणि दुरुस्तीशिवायही मंडळ्या काढता येतात, तिथे आपली मुलगी मोठी होईपर्यंत बदल होईल या आशेवर राहू नये.

दुसऱ्या बाजूला दोन घरं आहेत. अमेरिकन बाप्टिस्ट हे जुने उत्तरेकडचे. हेलन बॅरेट माँटगोमेरी 1921 साली त्यांच्या कन्व्हेन्शनच्या अध्यक्ष झाल्या होत्या. कोऑपरेटिव्ह बाप्टिस्ट फेलोशिप 1991 ची, सदर्न बाप्टिस्टांशी न पटल्याने वेगळ्या झालेल्यांची. दोन्हीकडे स्त्रियांना दीक्षा मिळते. ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद नाही म्हणणारं गलतीकर 3:28, मुलगेच नव्हे तर मुलीही संदेश देतील म्हणणारं पेन्टेकॉस्टच्या दिवसाचं पेत्राचं भाषण, सुरुवातीच्या मंडळीत काम करणाऱ्या फिबी आणि प्रिस्किल्ला या बायका, ही त्यांची वचनं आणि माणसं.

पण दीक्षा मिळाली म्हणजे मंडळी मिळाली असं नाही. अ‍ॅडी डेव्हिस ही सदर्न बाप्टिस्टांत दीक्षा मिळालेली पहिली स्त्री, ऑगस्ट 1964, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये. तिला पत्रं आली. एकाने दीक्षा सोडून दे म्हटलं, एकाने सैतानाची लेक ठरवलं, तर एकाने नवऱ्याकडून शिकून घे असा सल्ला दिला. तिचं लग्नच झालेलं नव्हतं! दक्षिणेत एकाही मंडळीने तिला बोलावलं नाही. शेवटी व्हरमाँटमधल्या एका अमेरिकन बाप्टिस्ट मंडळीत ती पाळक झाली. आजही फेलोशिपच्या मंडळ्यांत सहायक पाळक म्हणून बाई सहज दिसते, पण मुख्य पाळक म्हणून कमी.

मग निवड कशी करायची? घरात कुणाला उपदेशाचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, वाटत नसेल आणि मुलांसाठी भरगच्च कार्यक्रम हवे असतील, तर जवळची सदर्न बाप्टिस्ट मंडळी चालून जाईल, फक्त तिची भूमिका माहीत असू द्या. पाचारण वाटणारी मुलगी घरात असेल, तर तिला तिथे नेऊ नका. बायबलचा तसाच अर्थ तुम्हालाही पटत असेल तर गोष्ट वेगळी.

पाटीवरून पुष्कळदा काही कळत नाही. काही मंडळ्या सदर्न बाप्टिस्ट आणि फेलोशिप अशा दोन्हीकडे पैसे पाठवतात, म्हणून वार्षिक अंदाजपत्रक मागून बघा. डिकन मंडळात (मंडळीची सेवा बघणाऱ्या सभासदांत) बायका आहेत का, आणि मागच्या वेळी पाळक शोधताना एखाद्या बाईची मुलाखत झाली होती का, हेही विचारा. उपदेशांच्या जुन्या चित्रफिती बहुतेक चर्चच्या यूट्यूबवर असतात, त्या चाळा. मदर्स डेला बाईला बोलावणारे पुष्कळ असतात, आणि फेब्रुवारी हा तर काही बाप्टिस्टांत स्त्रियांच्या उपदेशाचाच महिना असतो. ते रविवार सोडून बाकीच्या रविवारी कोण बोललं ते बघा.