आयरेसिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आयरेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून खऱ्या माणसांशी गाड्यांच्या शर्यती खेळायचा सिम्युलेटर. त्याचे ग्राफिक्स कसे आहेत आणि गाड्या किती आहेत, हे दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. ग्राफिक्स चांगले आहेत, गाड्या भरपूर आहेत. पण मी आयरेसिंगवर टिकलो त्याचं कारण वेगळं आहे. भरधाव वळणात शिरताना दाराला दार लावून दुसरी गाडी चाललेली असते. ती चालवणारा माणूस ब्राझीलमध्ये किंवा पोलंडमध्ये बसलेला असतो, त्याला मी कधी भेटलेलो नाही, आणि तरीही तो मला जागा ठेवेल असं मी धरून चालतो. बहुतेक वेळा तो ठेवतोही. दुसऱ्या कुठल्याच ऑनलाइन खेळात मला हा भरवसा मिळाला नाही.

थोडी पार्श्वभूमी. डेव्ह केमर आणि जॉन हेन्री यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कंपनी काढली आणि २००८ मध्ये सेवा सुरू केली. केमर हे पपायरस या गेम बनवणाऱ्या जुन्या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक. १९९८ चा ग्रांप्री लेजेंड्स हा रेसिंग गेम तिथलाच. हेन्री म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मालकांपैकी एक असलेले तेच. ट्रॅक बनवताना इथली माणसं लेझर स्कॅनर घेऊन खऱ्या ट्रॅकवर जातात आणि डांबराचे उंचवटे-खड्डे मोजून आणतात. त्यामुळे स्टीअरिंगमध्ये जाणवणारे बहुतेक गचके खऱ्या ट्रॅकवरही त्याच जागी असतात.

आता मुख्य मुद्दा. नवा माणूस येतो तो रुकी लायसन्सवर. त्याच्या वर डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. तुमच्या नावापुढे दोन आकडे दिसतात. आयरेटिंग म्हणजे तुम्ही किती वेगवान, आणि सेफ्टी रेटिंग म्हणजे तुम्ही किती स्वच्छ चालवता. लायसन्स वर चढवतो तो दुसरा आकडा. प्रत्येक रेस जिंकलात पण लोकांना ठोकत जिंकलात, तर तुम्ही रुकीतच राहता. विसाव्या नंबरावर येऊनही कुणाला धक्का लावला नाही, तर वर जाता.

हिशेब सोपा आहे. चुकांचे गुण ‘एक्स’मध्ये मोजतात. ट्रॅकच्या बाहेर गेलात की १ एक्स, गाडी फिरली की २ एक्स, दुसऱ्या गाडीला जोरात लागलं की ४ एक्स. हलका स्पर्श झाला तर शून्य. किती वळणं पार केली आणि त्यामागे किती एक्स जमा झाले, यावरून सेफ्टी रेटिंग ठरतं. छोट्या अधिकृत रेसमध्ये साधारण १७ एक्स झाले की तुम्ही बाद.

यात एक नियम सगळ्या नवख्यांना अन्यायाचा वाटतो. धडक झाली की दोघांनाही ४ एक्स. चूक कुणाची, हे सॉफ्टवेअर बघतच नाही. कुणी मागून येऊन ठोकलं तरी तुमच्या खात्यात चार चढतात. चौकात रिक्षा दुचाकीला घासली की आपल्याकडे आधी चूक कुणाची यावर वाद पेटतो आणि मागे वाहतूक तुंबते. इथे तो वाद घालायला जागाच नाही. सुरुवातीला हे पटत नाही, पण काही आठवडे चालवलं की डोकं आपोआप वेगळा विचार करू लागतं. ‘वळण माझं होतं’ हा मुद्दा मागे पडतो आणि ‘इथे धडक होऊ शकते का’ हा प्रश्न पुढे येतो. आरशात दिसणारी गाडी उशिरा ब्रेक मारणार असं वाटलं, तर तिला जाऊ देता. ती बहुतेक वेळा वळणाच्या बाहेर फेकली जाते आणि तुम्ही आतून पुढे निघता. हजारो लोक एकाच हिशेबाने असं शिकत जातात आणि त्यातून समाज घडतो. माझ्या मते आयरेसिंगने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, लेझर स्कॅनिंगपेक्षाही मोठं.

जाणूनबुजून ठोकणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. रेसचा रिप्ले जोडून तक्रार करता येते, तो माणसं बघतात, आणि दोषी आढळला तर त्याच्यावर बंदी येऊ शकते. शिवाय इथे खऱ्या नावानेच खेळावं लागतं. टोपणनावामागे लपता येत नाही, म्हणून बोलण्यातही फरक पडतो. शिवीगाळ अगदीच नाही असं म्हणणार नाही, पण रेस संपल्यावर चॅटमध्ये एकमेकांचं कौतुक करणारेच जास्त भेटतात.

रुकीत बहुतेकांची पहिली गाडी असते माझदा एमएक्स-५. ताकद बेताची, मागची चाकं ढकलणारी, वजनाला हलकी. मला ही गाडी अजूनही सगळ्यात आवडते. वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो आणि गाडी फिरते. म्हणून ब्रेक वळण सुरू होईपर्यंत दाबायचा आणि मग हळूहळू सोडत आत शिरायचं. पुढच्या चाकांवर वजन राहतं, नाक वळतं. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुस्तकात एका ओळीत समजतं, पायात उतरायला फार वेळ लागतो. उतरलं की मात्र गाडी आपल्याशी बोलतेय असं वाटतं.

सदस्यत्वाबरोबर मिळणाऱ्या ट्रॅकांपैकी अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा लाइम रॉक माझ्या खास आवडीचा. जेमतेम अडीच किलोमीटरचा, एमएक्स-५ ला एक फेरी मिनिटाच्या आसपास. सगळी वळणं उजवी, फक्त एक डावं. सुरुवातीच्या सरळ रस्त्यानंतर बिग बेंड हे लांबलचक उजवं वळण येतं. तिथे दोन गाड्या जोडीने शिरल्या की आतल्याला वाटतं आपण जिंकलो. पण बाहेरचा टिकून राहिला तर लगेच येणाऱ्या डाव्या वळणाला तोच आत असतो. म्हणजे वरवर हरलेली जागा दोनशे-तीनशे मीटरवर परत मिळते. अट एकच: आतल्याने बाहेरच्याला गाडीभर रुंदी ठेवली पाहिजे. मग शेवटचं डाउनहिल. इथे गाडी उताराने खाली येत दबते, पकड वाढते, आणि इथून बाहेर पडतानाचा वेग तुम्हाला अख्ख्या सरळ रस्त्यावर पुरतो. पुढच्या गाडीच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं आणि योग्य वेळी बाहेर पडायचं. असा झगडा मी अनोळखी लोकांशी फेऱ्यामागून फेऱ्या धक्का न लावता केला आहे. त्या रेसमध्ये नंबर कितवा आला ते आता आठवतही नाही.

कॅलिफोर्नियाचा लागुना सेकाही त्याच यादीत आहे. तिथलं कॉर्कस्क्रू वळण चढाच्या टोकावर आहे आणि पुढचा उतार दिसतच नाही. एका स्पॅनिश गृहस्थांनी रेसनंतर स्वतःहून लिहिलं: समोरच्या झाडावर नजर ठेव आणि गाडी तिकडे सोड. ही जुनी युक्ती आहे, खरे ड्रायव्हरही सांगतात. पण प्रतिस्पर्ध्याला ती सांगावीशी वाटणं हे मला मोठं वाटतं.

असं देणंघेणं इथे सगळीकडे दिसतं. गाडीला स्वतःचे रंग द्यायचे तर ट्रेडिंग पेंट्स ही वेबसाइट आहे. तुम्ही केलेला रंग तिथे ठेवला की ते वापरणाऱ्या सगळ्यांना तुमची गाडी तशीच दिसते. क्रू चीफ नावाचं मोफत सॉफ्टवेअर कानात सांगतं की डावीकडे गाडी आहे, आता मोकळं आहे. हे सुरुवातीपासून लावाच, कारण एका स्क्रीनवर शेजारची गाडी दिसत नाही. गॅरेज ६१ या वेबसाइटवर तुमची फेरी आणि दुसऱ्याची फेरी आलेखात एकावर एक ठेवता येते: त्याने ब्रेक कुठे दाबला, तुम्ही कुठे. आपल्यापेक्षा दोन सेकंद वेगवान माणूस आपला डेटा उघडा ठेवतो, लपवत नाही. मी सगळ्यात जास्त तिथूनच शिकलो.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेचं गणित महत्त्वाचं. आठवडा मंगळवारी बदलतो, आपल्या पहाटे साडेपाचला, आणि प्रत्येक मालिकेचा नवा ट्रॅक तेव्हा उघडतो. अमेरिकेची रात्र म्हणजे आपली सकाळ, ऑफिसआधी एक रेस होते. युरोपची संध्याकाळ आपल्या मध्यरात्रीला येते, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त. ऑस्ट्रेलियावाले आपल्या दुपारी असतात, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यात चांगली रेस मिळते. जेवढे जास्त लोक, तेवढी स्प्लिटची (आयरेटिंग बघून पाडलेल्या गटांची) वाटणी नीट होते, म्हणजे आपल्याच तोडीचे प्रतिस्पर्धी समोर येतात. म्हणून एखादी अनवट मालिका निवडण्याआधी तिला आपल्या वेळेत माणसं असतात का ते बघा.

सर्व्हर लांब असला की पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, वाढतो. शेजारची गाडी तुम्हाला जिथे दिसते ती जागा तुमच्या कॉम्प्युटरने अंदाजाने काढलेली असते. त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर दोन गाड्यांत बोटभर अंतर असतं आणि समोरच्याच्या स्क्रीनवर धक्का लागलेला असतो. उपाय दोन: वायफाय सोडून केबल वापरा, आणि जोडीने चालवताना जरा जास्त जागा ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी पीसी बंद पडला की रेस गेली. ज्यांच्याकडे वीज जाते त्यांनी पीसीसाठी यूपीएस घ्यावाच.

स्टीअरिंगवर फार लिहीत नाही. गिअरवर चालणारं साधं फोर्स फीडबॅक व्हील (रस्त्याचे गचके हाताला जाणवून देणारं) सुरुवातीला पुरतं. पैसे असतील तर आधी लोड सेलचा ब्रेक घ्या. तो पेडल किती सरकलं याऐवजी किती जोर दिला ते मोजतो, आणि आपल्या पायाला जोर लक्षात राहतो, अंतर राहत नाही. चाकांची खुर्ची ब्रेक दाबला की मागे पळते. मी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्क्वेअर पाइपची फ्रेम जोडून घेतली आणि तिच्यावर जुनं कार सीट बसवलं. बाहेरून मागवलेल्या तयार फ्रेमपेक्षा (रिगपेक्षा) बरंच स्वस्त पडलं आणि इंचभरही हलत नाही.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. सवलतीशिवाय सदस्यत्व महिन्याला साधारण १३ डॉलर. सोबत काही गाड्या आणि ट्रॅक येतात, बाकी सगळं वेगळं विकत: गाडी जवळपास १२ डॉलर, ट्रॅक १२ ते १५. म्हणजे एकेक वस्तू हजार रुपये किंवा त्याहून वर, आणि सदस्यत्व थांबलं की विकत घेतलेलंही वापरता येत नाही. आपल्या खिशाला हे महाग आहे. १२ आठवड्यांच्या हंगामात ८ आठवडे भाग घेतला तर थोडं क्रेडिट परत मिळतं, पण तेवढ्याने भागत नाही. एवढा खर्च नको असेल तर इटलीच्या कुनोस कंपनीचं असेट्टो कोर्सा घ्या. ते २०१४ चं आहे, सेलमध्ये स्वस्तात मिळतं आणि लोकांनी बनवलेल्या ट्रॅकांचा त्याला तोटा नाही. जीटी३ गाड्याच (स्पोर्ट्स कारच्या रेसिंगसाठी बनवलेल्या आवृत्त्या) आवडत असतील तर असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओने आणि त्यावर चालणाऱ्या लो फ्युएल मोटरस्पोर्ट या वेबसाइटच्या रेसेस हा चांगला पर्याय आहे. तिथेही सेफ्टी रेटिंग आहे.

हा शेवटी खेळच ना, असं म्हणणाऱ्यांना मी नॅसकार या अमेरिकन रेसिंग मालिकेतल्या विल्यम बायरनचं नाव सांगतो. त्याने रेसिंगची सुरुवात आयरेसिंगवर केली आणि २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही तिथली मानाची रेस जिंकली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ट्रॅक बंद पडले तेव्हा नॅसकारने आपल्या ड्रायव्हरांना याच सिम्युलेटरवर उतरवून रेसेस टीव्हीवर दाखवल्या. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेननेही टीम रेडलाइनकडून सिम रेसिंग केलं आहे. आपल्याकडे खऱ्या ट्रॅकवर गाडी चालवायची तर चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाला जावं लागतं, आणि त्याचा खर्च थोड्यांनाच झेपतो. घरात बसून रेसिंगची लाइन, ब्रेकिंग आणि शिस्त शिकता येणं ही इथल्या पोरांसाठी खरी संधी आहे.

सध्या माझं लक्ष लांब पल्ल्याच्या टीम रेसेसवर आहे. डेटोना, स्पा, न्युर्बुर्गरिंग अशा २४ तासांच्या रेसेस वर्षभरात होतात. एकच गाडी, तीन-चार ड्रायव्हर, पिटमध्ये आल्यावर अदलाबदल. प्रत्येकाने ठरावीक किमान वाटा चालवलाच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे टीममधल्या सगळ्यात वेगवान माणसावर सगळं सोडता येत नाही. आमच्या टीममध्ये दोघं पुण्यात, एक टोरांटोत, एक मेलबर्नला, सगळे मराठी. तीन खंडांत विखुरलेलं असण्याचा इथे फायदाच होतो, कारण कुणाची ना कुणाची झोप पूर्ण झालेली असते. पुढचं लक्ष्य न्युर्बुर्गरिंग. पंचवीस किलोमीटरची फेरी, रस्ता अरुंद, आणि मागून सतत वेगवान वर्गातल्या गाड्या. तोवर आम्ही चौघंही आठवड्यातून दोनदा नॉर्डश्लाइफवर (याच ट्रॅकच्या जुन्या, लांब भागावर) सराव करतो आहोत. सध्याचं ध्येय फक्त एवढंच, की पूर्ण टाकीवर सलग आठ फेऱ्या शून्य एक्समध्ये काढायच्या.