जुनी जिप्सी साडेसहा लाखाला? जरा जास्तच होतंय

पुण्यात एका सेकंड हँडवाल्याकडे २०११ ची जिप्सी किंग, म्हणजे मारुतीची फोर बाय फोर जीप, बघून आलो, मागतोय साडेसहा लाख, म्हणजे कंपनीने बंद केली तेव्हा नवी कोरी जवळपास तेवढ्यालाच मिळत होती. इंजिन मात्र झकास, १.३ लिटर पेट्रोल, एका सेल्फमध्ये सुरू, लो रेंजचा (चढ-चिखलात जास्त जोर देणाऱ्या गिअरचा) लिव्हरही मऊ पडतो. वजन जेमतेम टनभर, त्यामुळे चिखलात भारी गाड्या रुततात तिथून ही आरामात निघते, ते मान्यच. पण खाली वाकून बघितलं तर चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ताजा काळा रंग फासलेला, चावीने खरवडलं तर गंजाचे पापुद्रेच निघाले आणि हा गडी म्हणतो, साहेब चिखल आहे तो! वर एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, सस्पेन्शनचे पाटे बसलेले, ताम्हिणी घाटात मजा येईल हो पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये खांदे निखळतील. शिवाय १५ वर्षं भरली की रिपासिंग, ग्रीन टॅक्स आपल्याच बोडक्यावर. चासी ठणठणीत असती तर चारपर्यंत गेलो असतो. या पैशात थोडी भर घालून जुनी महिंद्रा थार बघा, निदान डिझेल तरी आहे. तरी घ्यायचीच असेल तर मेकॅनिक सोबत न्या, गाडी रॅम्पवर चढवायला लावा.