बायोसमध्ये आधी काय बदलायचं: यूएमए की एक्सएमपी?

रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबीची एकच रॅम. नागपूरच्या बर्डी बाजारातून असा पीसी आणला की पहिला हात बायोसमधल्या (पीसीच्या मूळ सेटिंगमधल्या) यूएमए फ्रेम बफरवर, म्हणजे रॅममधून ग्राफिक्ससाठी राखलेल्या भागावर जातो: ५१२ एमबीचं २ जीबी. माझाही गेला. गेम व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) कमी म्हणून सुरूच होत नसेल तर ठीक. नाहीतर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास तिथंच, अन् विंडोजला उरते ६ जीबी.

एक्सएमपीचं, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणाऱ्या प्रोफाइलचं, तसं नाही. ३२००ची रॅम बायोसमध्ये २४०० दिसत होती. प्रोफाइल चालू केलं, रॅममधून डेटा जाण्याची सेकंदाला १९.२ची मर्यादा २५.६ जीबीवर गेली. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, म्हणून गेममध्ये फरक कळतो. दुसरी तशीच रॅम दुसऱ्या चॅनलवर लावली की दोन्ही मिळून ५१.२, मग यूएमएही खुशाल वाढवा.