नवा क्लच सेट, आठ महिन्यांनंतर: थरथर गेली, पण दुसऱ्या खेपेला

पहिला गिअर टाकून क्लच सोडायला लागलं की माझी गाडी अंगात आल्यासारखी थरथरायची. स्टिअरिंग, डॅशबोर्ड, मागच्या सीटवरची पिशवी, सगळंच. पाय पूर्ण काढला की एकदम शांत. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. पाय काढल्यावरही हादरत राहिली असती तर प्लग, इंजेक्टर नाहीतर अ‍ॅक्सलकडे बघावं लागलं असतं. फक्त हाफ क्लचमध्ये हादरते म्हणजे क्लच प्लेट धरते, सुटते, परत धरते.

मेकॅनिकने बॉनेटही न उघडता सांगितलं, "सेट टाका." मी म्हटलं, आधी माउंटिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स तोलून धरणारी रबरं, बघू, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. हँडब्रेक घट्ट ओढला, गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही याची खात्री केली, बायकोला सीटवर बसवलं आणि मी बाजूला उभा राहिलो. पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा, लगेच दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तेच. इंजिन थोडं डोलणारच. पण माझं रिव्हर्सला चांगलं दोन बोटं उचललं जात होतं. गिअरबॉक्सचं माउंटिंग काढलं तर रबर लोखंडापासून सुटून नुसतं टेकलेलं. नवं बसवल्यावर हादरा निम्म्यावर आला. उरलेला निम्मा तसाच.

मग गिअरबॉक्स उतरवलाच. प्लेटच्या लायनिंगवर (पकड घेणाऱ्या थरावर) एका बाजूला काळा चकचकीत पट्टा, बोट फिरवलं तर तेलकट. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, तो इथे नव्हता. म्हणजे तेल इंजिनचं, क्रँकच्या मागच्या सीलमधून झिरपलेलं. तेव्हा सील बदललं आणि प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब काढणारं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला. गळती तशीच ठेवून नुसती प्लेट बदलली असती तर तीही तेल पिऊन बसली असती.

फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या ज्या जड चकतीवर प्लेट टेकते तिच्यावर, निळसर डाग दिसत होते. "लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, आणायचा का?" मी विचारलं. "काही गरज नाही, पॉलिश पेपर मारतो." आणि मी गप्प बसलो. तिथेच फसलो.

पहिले काही शे किलोमीटर नवी प्लेट बसेपर्यंत किंचित हादरते हे माहीत होतं, म्हणून हळू चालवत राहिलो. दोन महिन्यांनी ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की थरथर परत हजर! थंड असताना ठीक, अर्ध्या तासाने तेच नाटक. पुन्हा गिअरबॉक्स खाली. मजुरी पुन्हा माझ्याच खिशातून. त्यावरून झालेली बाचाबाची इथे सांगत बसत नाही.

ते निळे डाग म्हणजे क्लच घसरून तापलेल्या जागा. तिथला धातू कडक होतो, पेपरला दाद देत नाही, आणि प्लेट सगळीकडे सारखी टेकत नाही. या वेळी फेस मारून घेतला. ज्यांचं फ्लायव्हील पायरीचं आहे (प्लेट टेकते ती जागा आणि प्रेशर प्लेट बसते ती कड वेगवेगळ्या उंचीवर) त्यांनी पायरीही तेवढीच कापून घ्यावी, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर हा मार्ग बहुधा बंदच, ते बदलावं लागतं. प्लेट तीच ठेवली, लायनिंग भरपूर होतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टला ग्रीस मात्र मी समोर उभं राहून अगदी पुसटसंच लावायला लावलं. जास्त झालं की उडून प्लेटवरच जातं.

याला आता सहा महिने झाले. चढावर, मागे घेताना, पाच माणसं बसलेली असताना, कुठेच हादरत नाही. पेडल आधीपेक्षा हलकं आहे, पण क्लच फार खाली पकडतो. त्याची सवय व्हायला मला महिना लागला आणि बायको अजून कुरकुरते. दमट हवेत गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की पहिल्या एक-दोन वेळा उचलताना बारीक थरथर येते. तो फ्लायव्हीलवरचा हलका गंज, दोनदा क्लच सोडला की घासून जातो, म्हणून त्यासाठी गॅरेजला गेलो नाही.

सेटला पाचपैकी चार. एक गुण पेडलचा कापला. मजुरीचा राग सेटवर काढण्यात अर्थ नाही.