फँड्री परत पाहिला, रिव्ह्यू लिहिल्याशिवाय राहवेना

नागराज मंजुळेंचा फँड्री यावेळी घरी टीव्हीवर पाहिला. लोक अजून पण "खूप रडवणारा पिक्चर आहे" असं सांगतात, मला ते पटतच नाही. रडवणं त्यामानाने सोपं असतं हो, व्हायोलिन वाजवायचं, आईच्या डोळ्यात पाणी दाखवायचं, झालं. फँड्री बघताना लाज वाटते, स्वतःची, आणि हे फार कमी पिक्चरना जमलंय.

2014 ला रिलीज झाला तेव्हा अजय-अतुलचं गाणं सगळीकडे वाजत होतं, पण ते पिक्चरमधे नाहीच. बरेचजण शाळेतली लव्हस्टोरी समजूनच गेले होते, आणि सुरुवातीला आहे पण तशीच. जब्या, गावात खालच्या जातीतला मानल्या जाणाऱ्या घरातला शाळकरी पोरगा, वर्गातल्या शालूकडे चोरून बघतोय, काळ्या चिमणीच्या मागे गलोल घेऊन हिंडतोय, त्याला जीन्स पाहिजे. आपण निवांत बसतो आणि नकळत त्याच्या बाजूचे होऊन जातो. मग जत्रेत सगळे नाचत असताना त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते, आणि तिकडे शालू बघतेय. तिथून पुढे पोटात कालवायला लागतं.

पण खरी कमाल डुक्कर पकडायच्या सीनची. मुद्दाम लांबवलाय तो. जब्याचं अख्खं कुटुंब धावतंय, धडपडतंय, डुक्कर निसटतंय, गावातली पोरं बसून मॅच बघितल्यासारखी खिदळतायत, आणि मी थेटरात पाहिला होता तेव्हा आजूबाजूचे लोकपण हसत होते कारण ती धावपळ शूटच तशी केलीय. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे, डुक्कर आरामात निघून जातं. तरी हसू येतंच. जब्या झुडपात लपून बसतो कारण वर्गातली पोरं बघतायत, आणि बाप त्याला शोधून काढून बडवतो तोपर्यंत थेटर चिडीचूप झालेलं असतं. कुठल्या क्षणी हसू थांबलं ते सांगताच येत नाही, फक्त एवढं कळतं की इतका वेळ आपणपण त्या पोरांच्यातच बसलो होतो. दिग्दर्शकाने एक शब्द न बोलता आपल्याला तिथे नेऊन बसवलं.

मग डुक्कर काठीला बांधून जब्या आणि घरचे शाळेच्या भिंतीसमोरून जातात, मागे आंबेडकर, सावित्रीबाईंची चित्रं. आणि शेवटी जब्याने मारलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर. तो कोणाला मारलाय हे आता सांगावं लागत नाही.

किशोर कदमांनी केलेला जब्याचा बाप, कचरू, मला जास्त त्रास देतो खरं तर. तो वाईट बाप नाहीये, गावासमोर वाकून वाकून त्याचा आवाजच बारीक झालाय आणि पोराने पण वाकायला शिकावं एवढीच त्याची धडपड. सोमनाथ अवघडेला जब्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, अगदी योग्य मिळालं.

एक तक्रार आहे, सायकलच्या दुकानवाल्या चंक्याचा ट्रॅक अर्धवट वाटतो, अजून पाहिजे होता. सुरुवात पण काहींना स्लो वाटेल, पण ती कापली असती तर नंतरचं काहीच लागलं नसतं.

5 पैकी साडेचार. मोबाईल बाजूला ठेवून एका बैठकीत बघा, तुकड्यातुकड्यात बघाल तर तो डुकराचा सीन फुकट जाईल. आठवी-नववीतल्या पोरांना जरूर दाखवा, फक्त सोबत बसा, ते प्रश्न विचारतील.